एकविसावा भाग

पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून टाकणाऱ्या माणसांविषयी मला लहानपणापासून एक आदरयुक्त भीती वाटत आलेली आहे. ही माणसं पंगतीत बसतानाच हात धुवायचं पाणी कुठं ठेवलंय ते विचारून घेतात. माझी गत बरोबर उलटी. एका पुस्तकाचं शेवटचं पान गाठायला मला पंचावन्न वर्षं लागली. पुस्तक तसं फार जाडजूड नाही. पण ते एकोणपन्नास भागांच्या गोष्टीतलं एकोणपन्नासावं होतं, आणि त्याच्या शेवटच्या बारा पानांपाशी आमचं सगळं घराणंच अडून बसलं होतं.

गोष्ट म्हणजे देवकीनंदन खत्रींची. 'चंद्रकांता' म्हटलं की हल्लीच्या माणसांना १९९४ साली दूरदर्शनवर लागणारी मालिका आठवते, आणि मालिकेपेक्षाही क्रूरसिंगाचं ते 'यक्कू' आठवतं. आम्हां भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना मात्र ती कंदिलाच्या उजेडात भेटली. मूळ 'चंद्रकांता' १८८८ सालची. तिचे चार भाग. त्यात नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं लग्न लागायला चार भाग लागतात. मग त्यांच्या पोरांची गोष्ट, ती 'चंद्रकांता संतति', भाग चोवीस. त्या चोवीस भागांत भूतनाथ नावाचा एक ऐयार असा काही भाव खाऊन जातो, की त्याचं चरित्र वेगळं लिहावं लागलं. ते 'भूतनाथ', भाग एकवीस. चार, चोवीस आणि एकवीस, झाले एकोणपन्नास. माझं गणित कच्चं आहे, पण ही बेरीज मला झोपेतून उठवून विचारली तरी येते.

आता तुम्ही विचाराल, मराठी घरात हे हिंदी पुराण कुठून आलं? तर आमचं गाव मुळात कुठल्या प्रांतात आहे हेच आम्हाला कधी नीट कळलेलं नाही. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, मध्यप्रांत-वऱ्हाडात जन्मले, मध्यप्रदेशात हेडमास्तर झाले, १९५६ साली मुंबई राज्यात पेन्शनीत निघाले आणि १९६० साली महाराष्ट्रात ओसरीवर येऊन बसले. एवढ्या प्रवासात त्यांनी घर एकदाही बदललं नव्हतं. "आपण कुठंच गेलो नाही, प्रांतच आपल्यावरून गेले," असं ते म्हणायचे. (पुढं १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि निम्मा जिल्हाही गेला, पण तेव्हा हे म्हणायला आबाजी नव्हते.) त्यामुळं हिंदी आणि मराठी या त्यांच्या लेखी एकाच खोलीच्या दोन खिडक्या होत्या. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. आमच्या आबाजींनी ती शाळेच्या कपाटात सापडली म्हणून वाचली, आणि पेन्शनीत निघाल्यावर वेळ जाईना म्हणून आम्हाला वाचून दाखवली.

वाचून दाखवली म्हणजे काय, तर डोळ्यांनी हिंदी वाचायची आणि तोंडानं आमच्या बोलीत सांगायची. त्यामुळं तेजसिंह आणि भूतनाथ ही माणसं काशीकडची नसून तुमसरच्या धानबाजारातली आहेत अशीच माझी कितीतरी वर्षं समजूत होती. वेषांतर करून निघालेल्या ऐयाराला दुसरा ऐयार ओळखायचा आणि म्हणायचा, "काहून जी, असे तोंड लपवून कुठं चालले?" त्यावर पहिला म्हणायचा, "मी तं तुम्हाले ओळखलंच नाही बाप्पा!" मोठेपणी मूळ हिंदी वाचताना हे संवाद सापडेनात, तेव्हा छापखान्यानं गाळले असावेत असंच मला प्रथम वाटलं.

ऐयार म्हणजे काय हे न कळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैदू आणि दोरीवर चढणारा डोंबारी, हे सगळं एकाच पगारात. त्याच्या खांद्याला बटुआ असतो. बटुआत बेशुद्ध करायची पूड असते आणि शुद्धीवर आणायचा लखलखा असतो. या गोष्टींत रोज इतकी माणसं बेशुद्ध पडतात आणि इतकी शुद्धीवर येतात, की मध्ये कोणाला जेवायला वेळ कसा मिळतो हे मला कळत नसे. आम्ही पोरंही ऐयार झालो. बेशुद्धीची पूड म्हणून चुलीतली राख आणि लखलखा म्हणून फोडलेला कांदा. आमच्या राखेनं कोणी बेशुद्ध झालं नाही. कांद्यानं मात्र आमचा एक चुलतभाऊ झाला होता, असं तो सांगतो.

आणि तिलिस्म! जमिनीखालचे महाल, आपोआप उघडणारे दरवाजे, खजिने, आणि ते सगळं कोणा एकाच्याच नावानं बांधलेलं. ज्याच्या नावाचं असेल त्यालाच ते तुटणार, बाकीच्यांनी नुसतं आत अडकून ओरडायचं. खत्रीबुवांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले आणि खंडहर बघून त्यांना हे सुचलं, असं आबाजींनी सांगितलं आणि आमचं डोकं फिरलं. पडका किल्ला तर आमच्याकडंही होता, आंबागड. सन १७००च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या पठाण सरदारानं बांधलेला, पुढं भोसल्यांनी तुरुंग केलेला. एवढ्या भांडवलावर तिलिस्म नसणं शक्यच नव्हतं. एका उन्हाळ्यात आम्ही चौघं भाड्याच्या सायकलींवर आंबागडला गेलो. दोन तास भिंती ठोकून पाहिल्या. एका ठिकाणी भिंत पोकळ वाजली. ती भिंत नसून आग्या मोहोळाचं घर होतं. तिलिस्म आमच्या नावाचं नव्हतं, एवढं सुजलेल्या तोंडांवरून सिद्ध झालं.

पण वाचनाची खरी श्रोती आम्ही पोरं नव्हतोच. ती होती आजी. आजीला अक्षरओळख नव्हती. जेवणं उरकली की आबाजी ओसरीवर कंदील घेऊन बसायचे, भोवती आम्ही, पायरीवर सालदार, आणि माजघराच्या दाराआड आजी सूप घेऊन तांदूळ निवडायची. धानाच्या मुलखात तांदूळ निवडायचे कधी संपत नाहीत. गोष्ट रंगात आली की सुपाचा आवाज थांबायचा. तो थांबला की आबाजी सावकाश वाचायचे, एकेक वाक्य दोनदा. सूप पुन्हा फडफडायला लागलं की समजायचं, हे वर्णन पुरे झालं. मग आबाजी दोन-दोन पानं गाळून पुढं पळायचे. साहित्याचे पुष्कळ समीक्षक मी पुढं पाहिले, पण सुपाइतकी नेमकी समीक्षा कोणाची वाचली नाही.

'भूतनाथ'चा सातवा भाग सुरू झाला त्या रात्रीची गोष्ट. दोन पानं झाली असतील, आतून आजी म्हणाली, "वाचणारा तोच हाये, पण सांगणारा बदलला वाटते." आबाजींनी चष्मा काढला. खत्रींनी सहा भाग लिहिले आणि १९१३ साली ते वारले. पुढचे पंधरा भाग लिहिले त्यांच्या मुलानं, दुर्गाप्रसादांनी. बाप गेला तेव्हा पोरगा जेमतेम अठरा वर्षांचा होता. आबाजींनी हे सांगितल्यावर आत थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आजी म्हणाली, "बाप मेला न त्याचा? मंग सांभाळून घ्या थोडं लेकराले. शिकन हळूहळू." आणि सूप बाजूला ठेवून तिनं तो सगळा भाग ऐकला. दहाव्या भागापर्यंत पोरगा तिच्या मते चांगला तयार झाला होता.

असे आम्ही पाच उन्हाळे वाचत होतो. १९६९च्या उन्हाळ्यात विसावा भाग संपला आणि आजी आजारी पडली. ओसरीवरची बैठक मोडली. आषाढात आजी गेली.

दिवसपाणी झाल्यावर, पोरांना जेवढा धीर धरता येतो तेवढा धरून, आम्ही आबाजींना एकविसाव्या भागाचं विचारलं. आबाजी म्हणाले, "तो भाग चोरीला गेला."

इथं आमच्या गावच्या वाचनालयाची व्यवस्था सांगितली पाहिजे. एक खोली, तीन कपाटं आणि एक मानद चिटणीस. चिटणीस स्वतः आबाजीच होते. रजिस्टर त्यांचं, शिक्का त्यांचा आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. अशा कडेकोट बंदोबस्तातून पुस्तक जातं म्हणजे चोर साधा नव्हे, हे आम्ही तेव्हाच ओळखलं. हे काम ऐयाराचं होतं. आम्ही संशयितांची यादी केली. पहिले स्टेशनमास्तर. कारण ते बदलून आलेले, हिंदी बोलणारे, आणि त्यांच्याकडं कंदील, झेंडी आणि शिट्टी असा ऐयारीचा तयार संच होता. दुसरा कंपाउंडर, कारण बेशुद्धीच्या औषधापर्यंत त्याचा हात पोचत होता. आम्ही स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरवर आठवडाभर पाळत ठेवली. शेवटी त्यांनीच आम्हाला आत बोलावून पोहे दिले. पोह्यात काही कालवलेलं असेल म्हणून आम्ही ते एकमेकांकडं बघत जपून खाल्ले, आणि शुद्धीत घरी आलो.

आबाजी त्या चोराला उभा-आडवा शिव्या द्यायचे. "चोर सापडल्याबिगर तो भाग या घरात वाचायचा नाही," असा त्यांनी दंडकच घातला. १९७८ साली ते गेले, पण दंडक राहिला. पुढं मी नोकरीला लागलो. नागपूरला पुस्तकांच्या दुकानात सगळा संच मांडलेला पाहिला, हातात घेतला आणि परत ठेवला. बायकोनं विचारलं, "घेत का नाही?" मी म्हटलं, "चोर सापडायचाय." ती तेव्हा नवीन होती. तिनं पुन्हा काही विचारलं नाही, पण घरी येईपर्यंत ती माझ्यापासून जरा अंतर ठेवून चालत होती.

बरं, शेवट कळायचा राहिला होता म्हणावं तर तसंही नाही. 'भूतनाथ' ही मागची गोष्ट. भूतनाथाचं पुढं काय झालं हे 'संतति'त आधीच येऊन गेलेलं. म्हणजे जो शेवट ठाऊक होता त्याच्यापाशी पोचायचं तेवढं बाकी होतं. आमच्या झाडीपट्टीत मंडईचं नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटे कधीतरी संपतं. शेवटी खलनायक मरणार हे प्रत्येकाला माहीत असतं. पण म्हणून मध्यरात्री कोणी सतरंजी गुंडाळून घरी जात नाही. मी मात्र पहाटेच्या प्रवेशाच्या तोंडावर पंचावन्न वर्षं ताटकळत बसलो होतो.

२०२४च्या उन्हाळ्यात चुलतभावानं (कांद्यानं बेशुद्ध झालेल्या) जुनं घर पाडायला काढलं. माळ्यावरचं सामान उतरवायला मी गेलो. मोडका पाळणा, कंदिलाच्या काचा, आबाजींची छत्री आणि एक पितळी डबा निघाला. भंडाऱ्याचं जुनं जाड पितळ, झाकण असं बसलेलं की दोन मजुरांना निघेना. मी हात लावला आणि ते सहज निघालं. आधीच्या दोघांनी सैल केलेलं असणार, हे मला कळतं. पण तिलिस्म माझ्या नावाचं होतं असं समजायला माझी हरकत नाही.

आत आजीच्या कोशाच्या लुगड्याचा एक तुकडा होता. त्यात गुंडाळलेला 'भूतनाथ', भाग एकविसावा. वाळवीनं घरातलं सागवान खाल्लं होतं, पण पितळापुढं तिचं काही चाललं नव्हतं.

चोर सापडला. सेहेचाळीस वर्षं तो आमच्याच देवघरात, आजीच्या शेजारी, फोटोत बसून उदबत्ती घेत होता.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग मी मागचा तारखांचा कागद बघितला. शेवटचा शिक्का १४ मे १९६९. आजी अंथरुणाला खिळली त्यानंतरच्या आठवड्यातला. पुस्तक उघडलं तर शेवटाआधी बारा पानांवर खूण घातलेली होती. खूण म्हणजे सुपाची एक काडी.

म्हणजे माजघराचं दार लावून आबाजी तिला एकटीलाच वाचून दाखवत होते. आम्हाला वाटायचं ते आत औषध देताहेत. बारा पानांवर येऊन थांबले ते का थांबले, हे सांगायला आता कोणी नाही. तिला झोप लागली असेल. बरी झालीस की पुढचं वाचू, असं म्हणाले असतील. पुढं ती बारा पानं तिच्याशिवाय वाचणं त्यांना जमलं नाही, आणि आम्हाला वाचून दाखवणं तर त्याहून जमलं नसतं. दाराआड सूपच नव्हतं. कुठं थांबायचं आणि कुठं पळायचं हे त्यांना कळलं कसं असतं? मग एका हेडमास्तरानं, ज्यानं आयुष्यात खडूचा तुकडा घरी आणला नव्हता, आपल्याच वाचनालयात चोरी केली आणि नऊ वर्षं तोंडानं चोराला शिव्या दिल्या. ऐयार कसला म्हणून विचारता! भूतनाथानंही वाकून नमस्कार केला असता.

पुस्तक घरी आणलं आणि चार दिवस नुसतं टेबलावर ठेवलं. रोज काहीतरी कारण निघायचं. चष्म्याचा नंबर, विजेचं बिल, पाऊस. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुमच्याच्यानं एकट्यानं होत नसेल तर मोठ्यानं वाचा न. मी ऐकते." ती मेथी निवडायला बसली. मी वाचायला लागलो. आबाजींसारखं सांगायला गेलो तर पहिल्या पानावर दोनदा अडखळलो. आधीच्या अठ्ठेचाळीस भागांचा तिला पत्ता नसल्यामुळं तिनं दोन मिनिटांतच विचारलं, "हा भूतनाथ चांगला की वाईट?" मी म्हटलं, "अगं, तेच तर एकवीस भाग कोणाला ठरवता येत नाहीये!" ती म्हणाली, "मग तुमच्या आबाजींसारखाच की," आणि मेथीची जुडी खाली ठेवली.

बारा पानं पंचवीस मिनिटांत संपली. शेवट काय झाला ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की शेवटच्या पानावर मी आवाज जरा चढवला. माजघरापर्यंत जाईल इतपत. आमच्या फ्लॅटला माजघर नाही, पण सवय.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला वाचनालयात गेलो. दंड मी हिशोब करूनच नेला होता. दिवसाला दोन पैसे, पंचावन्न वर्षं, जवळजवळ चारशे रुपये. तिथं आता स्पर्धा परीक्षेची मुलं माना खाली घालून बसलेली असतात. टेबलाशी बसलेल्या मुलीनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि कपाटातलं जुनं दप्तर काढलं. "काका, हे आम्हाला घेता येत नाही. १९७१ साली ठराव करून हे रद्द झालंय. चोरीस गेल्याबद्दल." मी ठराव वाचला. अक्षर आबाजींचं, सूचक आबाजी. आणि अनुमोदक? आमचे स्टेशनमास्तर! त्या पोह्यांबद्दल मला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

मी चारशे रुपये देणगी म्हणून दिले. पावती आबाजींच्या नावानं घेतली. पुस्तक पिशवीत घालून निघणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा, बालाघाटकडचा असावा, पुस्तकाकडं बघून म्हणाला, "अंकल, इसके बाद रोहतासमठ पढ़ा क्या?"

मी म्हटलं, "इसके बाद? हा तर शेवटचा आहे!"

"नहीं न अंकल. वो भी दुर्गाप्रसादजी का ही है. हमारे दादाजी सुनाते थे."

एकोणपन्नासची बेरीज चुकली होती. घरी येऊन बायकोला घाबरत घाबरत सांगितलं. मला वाटलं ती कपाळाला हात लावेल. ती म्हणाली, "मग आणा न. पण तोपर्यंत ते पहिलं काढा. चंद्रकांता कोण, ते तरी मला कळू द्या."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडं वाचन असतं. सध्या चौथा भाग चाललाय. ती कधी मेथी निवडते, कधी गवार. गवार मोडायचा आवाज थांबला की मी सावकाश वाचतो.